राखेत थुंकायचं

३ नोव्हेंबर, ईट
आले बाई एकदाची! ऑफिसातली खुर्ची तिकडं धाराशिवला, मी इकडं ईट गावात खव्याच्या भट्टीवर. इतकी वर्षं कॉम्प्युटरवर लोकांची नावं टाइप केली, आता खव्याचे गोळे वळणार. अम्मी म्हणाली, सबिहाचं डोकं फिरलंय. फिरू दे. भट्टीच्या मालकीण सत्यभामाकाकूंचे गुडघे गेलेत, माझा हात बसला तर भट्टी मलाच चालवायला देणार आहेत. ऑफिसातल्या साहेबांना दहा तारखेला फोनवर सांगायचंय, परत येते की राजीनामा देते. खोली भट्टीच्या मागंच मिळालीय. दुधाचा वास इतका गोड की नुसत्या वासानं पोट भरावं.

४ नोव्हेंबर
इथली एक रीत मात्र लई घाण आहे. कढई चढवायच्या आधी प्रत्येकीनं स्वतःबद्दल मनात आलेलं वंगाळ मोठ्यानं बोलायचं आणि चुलीच्या राखेत थुंकायचं. काकू म्हणाल्या, माझ्यात आता दम राहिला न्हाय, आणि थुंकल्या. त्यांची सून शिवरंजनी म्हणाली, मी आळशी हाय, तीही थुंकली. मग दोघी हसत कामाला लागल्या. काकूंचं म्हणणं, पोटात ठेवलं तर ते दुधावानी आटून घट्ट होतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, मला हे काम जमायचं नाही. पण थुंकायचं? खायच्या जिनसेशेजारी? तोबा! ओढणी तोंडावर धरून नुसता आवाज काढला आणि गिळून टाकलं. कुणाला कळलं नाही.

५ नोव्हेंबर
माझी पहिली कढई तळाला लागली. काकू रागावल्या नाहीत, सुरुवातीला माझ्याबी लई करपल्या म्हणाल्या. आजही गिळलंच. घशाला साय चिकटल्यागत वाटतंय, कितीही खाकरलं तरी निघत नाही. मनात दिवसभर एकच चाललंय: तुला जमायचं नाही.

७ नोव्हेंबर
आज खवा झाला! दाणेदार, पांढराशुभ्र. लगेच आतून आलं, चुकून झाला. शिवरंजनीनं विचारलं, ताई, काय पुटपुटताय? माझं तोंड बंद होतं.
आरशात पाहिलं. जिभेच्या मागं पांढरं, ओलं, सुरकुतलेलं काहीतरी आहे. बोटांनी धरायला गेले तर आत सरकलं. शी! दोनदा ओकले. नुसतं आंबट पाणी.

८ नोव्हेंबर
ते आतलं बोलायचं थांबतच नाही. टायपिंगचीच लायकी तुझी. घाण वाटते ना तुला, मग आलीस कशाला. दुधाचा वाससुद्धा नको झालाय, माझ्याच तोंडाला नासक्या दुधाची दुर्गंधी येते. स्वतःची किळस येते मला —

९ नोव्हेंबर
काकूंना सांगून टाकलं. त्यांचा चेहराच उतरला. रोजचं गिळलंस का, म्हणाल्या. उद्या चुलीपाशी बाहेर काढू. ते राखेत पडल्या पडल्या वर निखारे टाकायचे. त्याला बोलू द्यायचं न्हाय.

१० नोव्हेंबर
काकूंनी पाठीत थापट्या मारल्या. आलं. साय — पिवळी, बुळबुळीत, हातभर. दोन्ही हातांनी ओढली. संपेचना. शेवटी राखेत पडली. छाती केवढी हलकी झाली! म्हणायला गेले, काकू, जमतंय मला —

आवाज नाही. नुसती हवा.

काकू निखारे आणायला वळल्या तेवढ्यात चुलीशेजारी ठेवलेला फोन वाजला. साहेबांचा. राखेतली साय सरकली. फोनवर पसरली. माझ्या आवाजात, अगदी माझ्या —

"हां साहेब. उद्यापासून येते. मला इथलं काही जमलं नाही."

मी ओरडतेय, ऐकू येत नाही कुणाला. काकूंच्या हातातले निखारे तसेच. त्या तिच्यासमोर बसल्यात, तिलाच समजावतायत. "सबिहा, पोरी, असं बोलू न्हाय."

मी मागं उभी आहे. हात लावते, कळत नाही त्यांना, मी दिसतही नाही. म्हणून लिहितेय, वही समोर धरते — काकू, वाचा, ती मी नाही. निखारे टाका. मला जमतंय, मला ज