तुतीच्या बागेला पुन्हा विश्वस्त

मी, टॅबिथा हॅझलडीन, कै. जोनास हॅझलडीन यांची विधवा, धंदा रेशमाचे किडे पाळणे, राहणार सवाना, जॉर्जिया वसाहत, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहवून घेत आहे. पाय सुजले आहेत, चार पावले टाकली की धाप लागते. डोके मात्र ठिकाणावर आहे. जिभेबद्दल कोणाला शंका असेल तर त्याने माझे दीर ओबडाया हॅझलडीन यांना विचारावे. ती सर्वांत जास्त त्यांनीच सोसली आहे.

प्रथम हे नोंदवते की, असा कागद आपल्याला करता येतो याचाच मला मोठा आनंद आहे. ही वसाहत राजाने लंडनच्या विश्वस्तांकडे चालवायला दिली होती तेव्हा माझ्यासारखीने मृत्युपत्र करायचे म्हणजे काय, आपली जुनी टोपी कोणाला द्यायची ते ठरवायचे. त्या भल्या गृहस्थांपैकी एक सोडला तर कोणी इथल्या वाळूत पाय ठेवला नाही, पण नियम मात्र धडाधड पाठवले. रम प्यायची नाही. वकील ठेवायचा नाही. गुलाम आणायचे नाहीत. जमीन विकायची नाही. तुतीची झाडे लावायचीच. आणि जमीन मुलाकडे जाईल. मुलगा नसेल तर विश्वस्तांकडे परत. मुलगी? मुलीने तुतीचा पाला तोडावा. (वकील लॅटिमरसाहेब म्हणतात, हे वाक्य गाळू या. गाळायचे नाही. तुम्हाला इथे येऊन तीन वर्षेही झाली नाहीत.)

माझे यजमान तापाने गेले तेव्हा आमची एकुलती मुलगी मर्सी सहा वर्षांची होती. मातीला आलेल्या माणसांना घोटभर काहीतरी द्यावे म्हणून मी नदीपलीकडून, कॅरोलिनातून, रमचे एक पिंप चोरून आणले होते. भावोजी तेव्हा आमच्या दहा घरांवरचे अंमलदार. त्यांनी ते पिंप दारात ओढले आणि कुऱ्हाडीने फोडले. सख्खा भाऊ गेला म्हणून ढसाढसा रडत होते आणि कुऱ्हाडही चालवत होते.

"अहो भावोजी, निदान आजच्या दिवस तरी!" मी म्हटले.

"वहिनी, नियम म्हणजे नियम. आणि तेही सांगून टाकतो, मुलगा नाही, तेव्हा तुम्ही आहात तोवर घर तुमचं. पुढे जमीन विश्वस्तांची."

"आणि मर्सी?"

"मर्सीला मी विसरणार नाही. पण जमीन विश्वस्तांची."

त्या दिवसापासून मी त्यांना जेवायला बोलावले नाही. खरे बोलायचे तर त्या जमिनीतली काडीही त्यांना मिळणार नव्हती. आपला काही फायदा नसताना इतका छळ करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे नियम सैल झाले, विश्वस्त थकले आणि त्यांनी वसाहत राजाच्या पदरात टाकून हात झटकले. राजाचा गव्हर्नर बोटीतून उतरला त्या दिवशी गावात जागोजागी शेकोट्या पेटल्या. आज सुजलेल्या याच पायांनी मी नाचले. जमिनीचे नवे पट्टे निघाले, आणि घर व तुतीची बाग माझ्या, टॅबिथाच्या, नावावर झाली. भावोजी त्या दिवशी खिडकी लावून घरात बसले होते.

आता वाटणी. भांडीकुंडी, मक्याची चक्की आणि डुक्कर शेजारीण डॉर्कस व्हिटलो हिला. डुकराचे नाव मी एका विश्वस्तावरून ठेवले आहे. ते इथे लिहीत नाही, ती हाक मारेल तेव्हा कळेल.

माझी कापडी थैली मर्सीला. दर वसंतात किड्यांची अंडी त्या थैलीत घालून आम्ही छातीशी बांधतो, अंगाच्या उबेने ती फुटतात. मर्सी लहानपणी हट्टाने स्वतःच बांधून घ्यायची आणि अंडी चिरडतील म्हणून रात्रभर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. त्या पोरीला जमीन द्यायची नाही म्हणे!

घर आणि बाग तिलाच द्यायची, एवढ्याचसाठी मी जगले. पण गेल्या रविवारी जावईबापू सायलस क्रॉम्प माझ्या टेबलाशी बसून भाजलेली रताळी खात म्हणाले, "सासूबाई, या किड्यांत काय ठेवलंय? तुती तोडून बाग विकू, दक्षिणेला भाताची जमीन घेऊ, राबायला गुलाम घेऊ. नाहीतरी मर्सीचं ते माझंच."

मर्सी माझ्या थैलीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मी वकिलांना बोलावले. ते म्हणाले, "बाई, जावई खरं बोलतात. राजाच्या कायद्यात बायकोची जमीन नवऱ्याच्या ताब्यात. तो मागेल आणि ती सही करेल."

"मग काही उपाय?"

"एकच. जमीन मुलीच्या नावे द्यायची नाही. तिच्यासाठी सांभाळायला विश्वस्त नेमायचा."

मी इतकी हसले की डॉर्कस पाणी घेऊन धावत आली. मग रडलेही.

तर मी, जिने विश्वस्तांच्या नावाने आयुष्यभर बोटे मोडली, घर व बाग मर्सीसाठी विश्वस्ताच्या हाती देत आहे. विश्वस्त म्हणून माझे दीर ओबडाया हॅझलडीन यांना नेमते. जावयाच्या गोड बोलण्याने न विरघळणारा आणि रडता रडता कुऱ्हाड चालवणारा दुसरा माणूस या गावात नाही. लंडनच्या मंडळींनी माझी जमीन पाहिली नव्हती. यांच्या खिडकीतून ती रोज दिसते.

अटी अशा. बागेचे उत्पन्न मर्सीच्या हातात, फक्त तिच्याच. तिच्या हयातीत बाग विकायची नाही, तिच्या मागे ती सांगेल त्याला द्यावी, मुलगी असली तरी, मुलगी असली तर विशेषच. तिथे कोणाही माणसाला गुलाम म्हणून राबवायचे नाही. जुन्यांचा हा एक नियम बरोबर होता, हे मला तेव्हाही पटत होते, फक्त भावोजींसमोर म्हणायचे नव्हते. आणि जुन्या विश्वस्तांप्रमाणेच यांनीही मोबदला म्हणून एक पानसुद्धा घ्यायचे नाही. तळघरातले रमचे पिंप मात्र त्यांचे. माझ्या मातीला आलेल्यांना ते त्यांनी स्वतःच्या हाताने वाढावे.

भावोजी, मर्सीला विसरणार नाही म्हणाला होतात. आता दाखवा.

वाचून दाखवले, समजले, सही केली. मुक्काम सवाना, ता. ९ मार्च १७५७.

टॅबिथा हॅझलडीन

साक्षीदार: गॉटलीब रायनर, सुतार, राहणार एबेनेझर. प्रुडन्स ॲम्ब्लर, सूत काढणारी, सवाना.

खाली विश्वस्ताची कबुली, त्याच्याच हस्ताक्षरात, ता. २ एप्रिल, दफनानंतर:

मला मान्य आहे. जावई काल कुऱ्हाड घेऊन बागेत आले होते. ती कुऱ्हाड आता माझ्याकडे आहे. वहिनींच्या मातीला आलेल्या सर्वांना मी स्वतः वाढले. पिंप फोडलेले नाही.

ओबडाया हॅझलडीन