फोटोतला मुलगा मीच

मलिंगार, आयर्लंड

प्रिय बाबा,

टक्कल जमिनीला टेकवून नमस्कार!

इकडे लोक हसतील म्हणून तुम्ही नको म्हणालात, तरी आजोबांसाठी मीपण मुंडण केलंच. बाकी तब्येत एकदम ग्रँड. आजी जेवतेय ना? तुम्ही मात्र टोपी घालूनच बाहेर पडा.

काल ट्रेनमध्ये टीसी माझं स्टुडंट कार्ड बघून म्हणाला, "फोटोतला हा तू नाहीस." मी काळा मफलर डोक्यावर ठेवला नि म्हटलं, "आता बघ की!" सगळा डबा हसला, टीसी सोडून. त्याने दंड ठोकला.

भरणार नाही म्हणजे नाही. अपील केलंय. त्यात लिहिलंय, "फोटोतला मुलगा मीच आहे. फक्त तेव्हा माझे आजोबा होते."

तुमचा हट्टी,
गंधार