यवतमाळचा ळ

आई, तुला कॉम्प्युटरबद्दल लिहायचं म्हणजे आधी तो आपल्या घरी आला कसा ते सांगायला हवं, कारण तू होतीस तोवर त्याची गरजच पडली नव्हती. काचबिंदूने बाबांचे डोळे गेले आणि तू त्यांना रोज पेपर वाचून दाखवू लागलीस, ते अगदी शेवटच्या आजारपणापर्यंत. तू गेल्यावर ते काम मी घ्यायचं ठरवलं होतं, पण माझी लोहाऱ्याची शाळा सकाळची. मी पोरांना कविता शिकवत असायची आणि इकडे बाबा दुपारपर्यंत एकटे, घडी न मोडलेला पेपर मांडीवर घेऊन. मग शाळेतल्या एका बाईंनी सुचवलं, पडद्यावरचं वाचून दाखवणारा कॉम्प्युटर येतो, तो घ्या. घेतला. बाबांना बोटांनी कळावं म्हणून चार-पाच बटणांवर मी तुझ्या डबीतल्या खड्याच्या टिकल्या चिकटवल्या, लग्नाकार्यात तू लावायचीस त्या. एक टिकली दाबली की पेपर उघडतो, दुसरी दाबली की आवाज वाचू लागतो. तेव्हा मराठी आवाज कुठे मिळाला नाही म्हणून एका बाईचा हिंदी आवाज बसवून घेतला होता. मराठी पेपर, वाचणारी हिंदी.

तुझं वाचणं मला स्वयंपाकघरासकट आठवतं. ओट्यावर पेपर पसरलेला, त्याच्या एका कोपऱ्यावर दुधाचं पातेलं, आणि तू एक डोळा दुधावर ठेवून वाचते आहेस. आधी निधनवार्ता, मग कापसाचे भाव, मग उरलेलं जग. नेर तालुक्यातल्या खेड्यातली तू, तुझ्या तोंडात ळ कधी बसलाच नाही. डोळे नाहीत, डोये. काळं नाही, कायं. यवतमाळ तर प्रत्येक बातमीच्या सुरुवातीलाच असायचं, आणि तू प्रत्येक वेळी 'यवतमाय' म्हणायचीस. बाबा दाराशी खुर्चीत बसून टोकणार: "ळ! यवतमाळ म्हन." उभा जन्म सरकारी कचेरीत मसुदे लिहिण्यात गेला, त्याचा हा ताठा. स्वतः दिवसभर मले-तुले करणारा माणूस, पण छापलेलं वाचायचं तर ते छापल्यासारखंच, असा हट्ट. आणि तू पोळी लाटता लाटता म्हणायचीस, "आधी तुमी 'पाणी' म्हनून दाखवा. तुमचा ण कुठी गेला थो पाहा, मंग माह्या ळच्या मागं लागा." मला हसू यायचं. बाबाही गालातल्या गालात हसायचे, पण पुढच्या ओळीला पुन्हा टोकायचे.

फक्त एकदा तू चिडलीस. पाहुणे येणार होते, भाजी खाली लागली होती, आणि बाबांनी एकाच बातमीत तीनदा टोकलं. तू पेपरची घडी करून त्यांच्या मांडीवर टाकलीस आणि म्हणालीस, "वाचा मंग तुमीच." म्हणालीस आणि तुझं तुलाच कळलं. बाबांचा हात त्या कागदावरून नुसता फिरत होता. तू पेपर परत उचललास आणि सगळं पान वाचलंस, हळूहळू, एकेक ळ जिभेवर घोळवून, एकही न चुकता. बाबांनी एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, "राहू दे आता." दुसऱ्या दिवशी तू पुन्हा यवतमाय म्हणालीस आणि ते नेहमीसारखे ओरडले. ही गोष्ट मी तेव्हा घरातली एक कुरबुर म्हणून सोडून दिली होती.

ती हिंदी बाई यवतमाल म्हणायची. विज्ञानाला विग्यान म्हणायची, मुख्यमंत्र्यांच्या नावात कुठेही श्वास घ्यायची. मला वाटलं होतं, बाबा दोन दिवसांत यंत्र बंद करायला लावतील. झालं उलटंच. सुटीच्या दिवशी मी अंघोळीला गेले की बाहेरून आवाज यायचा, "यवतमाल नाही ओ बाई! ळ! ळ म्हना!" शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंही, तुमच्याकडे कोण पाहुणी आली आहे. सगळी सकाळ ती चुकायची आणि ते टोकायचे. मी शाळेतून आले की त्यांचा घसा बसलेला असायचा आणि चेहरा टवटवीत. जेवताना तक्रार करायचे, "आज शाळेले शाला म्हने. हिले कोनं नौकरीवर ठेवलं?" अशी कितीतरी वर्षं गेली.

मधूनमधून पडद्यावर कोपऱ्यात चौकट यायची, अपडेट करा. मी 'नंतर' दाबायची. चालत्या गाडीचं चाक काढायला मी कशाला जाऊ? पण या वर्षी त्याने विचारणंच बंद केलं. शाळेला सुटी होती, बाबा टिकली दाबून वाट पाहत होते, आणि पडदा निळा झाला: संगणक बंद करू नका. बाबांनी विचारलं, "काहून बोलत नाही थे?" म्हटलं, "अपडेट होऊन राह्यलं, बाबा." ते म्हणाले, "कोनाले विचारून?" अर्ध्यात लाइट गेली, इन्व्हर्टरने कसंबसं धरून ठेवलं, कॉम्प्युटर आपोआप दोनदा बंद होऊन सुरू झाला. सगळं होईपर्यंत बाबा तिथून हलले नाहीत. आणि मग जो आवाज आला तो मराठी होता. स्वच्छ, गोड, शहरातल्या निवेदिकेसारखा. यवतमाळ, ती म्हणाली. ळ असा, की मी शाळेत पोरांना ऐकवावा.

मी खूश झाले होते, आई. म्हटलं, आता बाबांचा जीव शांत होईल. तो शांत झालाच. दोन-तीन सकाळी त्यांनी ऐकलं, मग एक पान ऐकून बंद करू लागले, मग टिकलीला हात लावणंच सोडलं. मी घरी यायची तर ते सकाळी बसवले तसेच बसलेले. जेवण कमी झालं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मला उशिराच सुचलं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, जुना आवाज परत बसवा म्हटलं. त्याने बराच वेळ खटपट केली आणि म्हणाला, "मॅडम, अपडेट काढून मागं जायची मुदत असते, थे निंगून गेली. अन् नव्यात थो जुना आवाज बसतच नाही." मग बाबांकडे वळून म्हणाला, "पन काकाजी, हे तं एकदम क्लिअर मराठी आहे ना? एक चूक नाही." बाबा म्हणाले, "हो. एक चूक नाही." तो गेल्यावर मी चहा केला. बशीतला चहा संपवून ते बोलले. "थे बाई चुके, मी टोकलं का मंग मले तुही माय ऐकू ये. माय कशी म्हने, थे. आता हे चुकतच नाही. तुही माय मले ऐकूच येत नाही आता." आणि रडले, आई. तुझ्या तेराव्यालाही ते रडले नव्हते.

मग मला म्हणाले, "तू तं लहानपनापासून ऐकलं. कशी म्हने थे? म्हनून दाखव बरं."

तेव्हापासून रोज शाळेतून आल्यावर मी पेपर घेऊन बसते. त्यांना अख्खा पेपर नको असतो, एक-दोन बातम्या पुरतात. मी तुझ्यासारखी थांबत थांबत वाचते, यवतमाय म्हणते, आणि ते मान हलवतात. टोकत नाहीत. "हो. अशीच," म्हणतात. परवा दोन पोळ्या खाल्ल्या.

पण मी जे म्हणून दाखवते ना, ते तुझं नाही. बाजारात नेरकडची एक बाई मिरच्या घेऊन बसते. गरज नसतानाही मी तिच्याकडून पाव-पाव किलो घेते, भावावरून उगाच वाद घालते, ती बोलत राहावी म्हणून. "यवतमायच्या नाही ताई, आमच्या वावरातल्या हायेत," ती म्हणते, आणि ते मी घोकत घोकत घरी येते. यवतमाय, वावर, डोये. सगळं तिचं आहे, चढउतारही तिचेच. बाबांना वाटतं, मला आठवतंय. त्यांना मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुला सांगते, कारण हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही. तू काय काय बोलायचीस ते सगळं मला पाठ आहे, पण तुझा आवाज मला आठवत नाही, आई. आठवायला गेले की ती हिंदी बाईच बोलू लागते.