वॅगनवाल्यांची शाळा

६ जानेवारी

आज परत तेच! स्कूटर काढत होते तर शेजारच्या मिश्रा भाभी गेटवर — "मुग्धाजी, बच्चे स्कूल नहीं जाते? तबीयत ठीक नहीं है क्या?" मी म्हटलं, "बच्चे ठीक हैं भाभी, इनके पापा ठीक नहीं हैं." त्या हसल्या. मीही हसले. बँकेत पोचेपर्यंत तोंड कडू झालं होतं.

दिवाळीनंतर परागनं कॉलेजची नोकरी सोडली आणि दोन्ही मुलांना शाळेतून काढलं. बकुळ नऊ वर्षांची, निशांत सहाचा. कारण विचारलं तर म्हणाला, "शाळा मुलांना आतून मारते." आदल्या दिवशी सांगितलं मला. विचारलं नाही — सांगितलं!

इंटरनेटवर कुणा अमेरिकन बाईची योजना सापडली आहे. पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही. बापानं मोठ्यानं गोष्टीची पुस्तकं वाचायची, मुलांनी ऐकायची. पहिला विषय काय? दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी तिकडचे लोक बैलांच्या झाकलेल्या गाड्यांतून, म्हणजे वॅगनमधून, पश्चिमेला कसे गेले! झाशीच्या प्रेम नगरात बसून! इथल्या किल्ल्यात मुलांना शेवटचं कधी नेलं होतं, आठवत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. घरीच होते. अंगणात ऊन छान होतं. सगळे चटईवर, पराग वाचतोय. इंग्रजीत एक वाक्य, मग मराठीत. पुस्तकातला बाप म्हणतो, तिकडे जमीन रिकामी पडली आहे, जो जाईल त्याची.

मामंजी खुर्चीत डोळे मिटून होते. एकदम म्हणाले, "रिकामी कशी असेल रे? आपले लोक चाकरीला कोकणातून इथं आले, तेव्हा झाशी काय रिकामी होती? बुंदेले होतेच की."

निशांत — "आजोबा, आपणपण वॅगनमधून आलो?"

मामंजी म्हणाले, "आलो असू. पण आपल्याला पगार होता!"

सगळे हसलो. बकुळनं मात्र विचारलं, "मग जे आधी होते ते कुठं गेले, बाबा?" परागनं पुस्तक मिटून बराच वेळ तिला सांगितलं. चांगलं सांगितलं. मला राग त्याचाच आला. अशा दुपारी त्याच्या वाट्याला, आणि मी काउंटरवर लोकांचे अंगठे घेत बसायचं.

२१ जानेवारी

भाजी चिरताना आतून वाचन ऐकू येतं. एक गोष्ट लक्षात आली. सगळ्या पुस्तकांत बाप म्हणतो, चला! आणि आई भांडी बांधते, तान्हं कडेवर घेते, चालायला लागते. तिला जायचं होतं का? एकाही पानावर कुणी विचारत नाही.

जेवताना मी म्हटलं, "काय वॅगनवाले, पोळी वाढू की शिकार करून आणणार?" निशांत खिदळला. मग मी परागच्या वाचण्याची नक्कल केली, हात वर करून, घोगरा आवाज काढून. मामंजीसुद्धा हसले. पराग खाली बघून जेवत राहिला. बकुळही.

२८ जानेवारी

थंडी. गीझर बंद. वॅगनवाल्यांना दुरुस्त करता येत नाही.

२ फेब्रुवारी

रविवार. परागला ताप. आजचं वाचन मी करते म्हटलं, तर बकुळ म्हणाली, "मी वाचते ना, आई."

आणि वाचलं तिनं! नदी ओलांडायची आहे, बैल पाण्यात पाय टाकत नाहीत, असा प्रसंग. भराभर इंग्रजी, कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा — सगळं. माझा ऊर भरून आला. मनात म्हटलं, परागला उगाच बोलले. उठल्यावर सांगू.

तेवढ्यात तिनं पान उलटलं. दोन पानं चिकटून एकदम उलटली. मी शेजारीच होते, मला दिसलं. तिचं वाचन अडलं नाही. समोर नदीचं नावसुद्धा नव्हतं, दुसराच प्रसंग सुरू झाला होता, आणि ही बैलांना पाण्यात घालतच होती.

मी कपाटातलं नवं पुस्तक काढलं. "हे वाच." ती नुसती बघत राहिली. निशांत तिच्या कानाशी लागला. सहा वर्षांचा पोरगा हळूच शब्द सांगत होता आणि ती म्हणत होती! मी त्याला बाहेर पाठवलं. मग काहीच नाही.

"माझं मन नाही आहे, आई."

हिंदी पेपर दिला. मराठीचं अंकलिपीचं पुस्तक दिलं. 'घर' वाचताना तिच्या वरच्या ओठावर घाम आला. नऊ वर्षांची मुलगी!

३ फेब्रुवारी

ऑफिसला गेले नाही. परागचा ताप उतरायची वाटही पाहिली नाही.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"शाळेत होती तेव्हापासून. मॅडम तिला रोज उभं करून वाचायला लावायच्या. वर्ग हसायचा. एक दिवस घ्यायला गेलो तर बेंचखाली बसली होती. बाहेर येईना."

"म्हणून नोकरी सोडलीस?"

"एकटीला घरी कसं ठेवणार? निशांत शाळेत जातो आणि आपण नाही, असं तिला वाटलं असतं. म्हणून दोघांना काढलं."

"आणि मला तत्त्वज्ञान ऐकवलंस! आतून मारते म्हणे!"

तो उठून बसला. "वाचून दाखवलं की तिला सगळं कळतं, मुग्धा. एकदा ऐकलं की पाठ. ती मंद नाही."

मी म्हटलं, "तू शिकवलं नाहीस तिला. लपवलंस. मी आई आहे तिची, मला का नाही सांगितलं?"

तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

७ फेब्रुवारी

बोलणं बंद. पोळ्या करते, ठेवते.

१२ फेब्रुवारी

बँकेत शेजारच्या टेबलवरच्या रूपालीला सांगितलं. सांगताना रडू आलं, लाज वाटली. ती म्हणाली, तिच्या भाच्याला असंच होतं — डिस्लेक्सिया. डोकं चांगलं असतं, अक्षरं जुळत नाहीत. शिकवायच्या वेगळ्या पद्धती आहेत. ग्वाल्हेरला एक डॉक्टर तपासतात. तिथूनच फोन लावला. पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली.

एवढं सोपं होतं! इतके महिने हा माणूस बैलगाड्या हाकत बसला.

घरी येऊन सांगितलं. पराग म्हणाला, "मीपण येतो." मी म्हटलं, "तू वॅगन सांभाळ."

बकुळ दारात उभी होती.

१६ फेब्रुवारी

बकुळला स्वेटर घ्यायला मानिक चौकात गेले होते. परतताना गर्दीत अडकलो. बकुळ स्कूटरवर मागून माझ्या कमरेला धरून बसली होती.

"आई, बाबांशी बोल ना. त्यांची गलती नाही आहे. मीच त्यांना कसम घातली होती, आईला नाही सांगायचं."

"वेडी आहेस का? मी काय रागावले असते?"

"रागावली असतीस तर चाललं असतं," ती म्हणाली. "तू हसली असतीस."