मास्तरणीच्या पापणीचा रंग

१० नोव्हेंबर, मंगळवार
दुपारचा चहा झाल्यावर

माझ्या ठोंब्या,

आजीचा आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा, दोन्ही एकाच पाकिटातून पाठवतेय. हवं ते आधी घे. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या लग्नाच्या आधीपासून कुरकुरतोय, त्याचं काय कौतुक. तुझी बायकोही बरी आहे. समोर मान खाली घालून बसलीय, कारण मी सांगतेय ते तीच लिहितेय.

घरात फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मध्ये बोलतोस. मी "अरे ऐक" म्हणेपर्यंत तुझं "बरं, ठेवतो" झालेलं असतं. पत्रात तुला तोंड घालता येत नाही. वाच आता गुपचूप.

आधी शेळीची बातमी. तू विकून टाका म्हणालास ती मास्तरीण जिवंत आहे आणि काल तिने माझ्या पदराचं टोक खाल्लं. म्हणजे सुधारतेय. दाढी तशीच, बघणंही तसंच, जणू आपण सगळे गृहपाठ न करता आलोय.

तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. गेला महिनाभर ती वाळत चालली होती. केस राठ झालेले, पाठीचा कणा हाताला टोचायचा. लेंड्या जाऊन पातळ व्हायला लागलेलं. मग एका सकाळी बघते तर डावी कूस फुगून टम्म, रवंथ बंद आणि नुसती दात खातेय. पोटात मका जास्त गेला होता. कसा गेला ते पुढे बघू.

मी माझा नेहमीचा उपाय केला. तिचं तोंड आभाळाकडे धरलं आणि तेलाची बाटली लावली. ती ठसकायला लागली, डोळे पांढरे केले. तुझी बायको भांडी टाकून धावत आली. "आजी, सोडा तिला! मान सरळ ठेवा, तेल फुप्फुसात जाईल!" माझ्या हातातून बाटली चक्क हिसकावली. मी म्हटलं, "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून शेळ्या पाळतेय मी." तर म्हणते कशी, "हो, म्हणूनच तुमच्या हाताला सवय लागलीय." जीभ बघ हिची. (हे लिहायला नको म्हणतेय. लिही म्हटलं.)

मग हिने मान आडवी ठेवून गालाच्या कडेने थोडं थोडं तेल पाजलं, गिळायला वेळ देऊन. पुढचे पाय पायरीवर चढवून उभी केली, डावी कूस चोळली, अंगणात फिरवली, परत चोळली. जेवायच्या वेळेला मास्तरणीने असा ढेकर दिला की शेजारच्या शिंपिणीने मशीन थांबवून विचारलं, "काय पडलं हो?"

मी म्हटलं, झालं, सुटली. ही म्हणाली, नाही. हिने तिची खालची पापणी बोटाने ओढून मला दाखवली. आत लाल असायला हवं, ते खडूसारखं पांढरं. हनुवटीखाली पाणी भरून पिशवी लोंबत होती, ती तर मला दिसलीच नव्हती. "आजी, नुसतं मक्याचं नाही हे. जंत असणार. रक्त पितायत." गुरांच्या दवाखान्यातून एक पुस्तिका आणली होती हिने, त्यात पापण्यांचे रंग छापलेत. मी समजत होते, स्वयंपाक करता करता कादंबरी वाचते.

ताजं शेण माझ्या बिस्किटांच्या डब्यात भरून आम्ही दोघी गुरांच्या दवाखान्यात गेलो. डब्याचं दुःख वेगळं. डॉक्टरीणबाईंनी काचेवर पसरून नळीतून बघितलं आणि मलाही बघायला दिलं. अक्षर मला ओळखता येत नाही, पण जंताची अंडी बरोबर ओळखली. लांबट, आत दाटीवाटीने मणी भरलेली. शेकड्याने! बाईंनी मास्तरणीच्या छातीला फीत लावून वजन काढलं आणि त्या हिशेबाने औषध दिलं. मग विचारलं, "आत्तापर्यंत जंताचं औषध कोण देत होतं? किती?" त्याचं उत्तर त्यांना मिळालं. बाई चिडल्या. म्हणाल्या, अंदाजाने कमी कमी दिलं की जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. ज्याला बोलणी बसायची त्याला बसली.

निघताना बाई हिला म्हणाल्या, "तुमचा हात चांगला आहे आणि नजर त्याहून चांगली. मला मदतनीस हवीय. पुढच्या सोमवारपासून याल?" ही म्हणाली, घरी विचारते.

आणि घर म्हणजे तू. तू फोनवर काय बोललास? "घरची एक शेळी धड सांभाळता येत नाही, दवाखान्यात काय दिवे लावणार? शेळी विका आणि दोघी इकडे या." मला ऐकू येतं हो अजून. हिने फोन ठेवला आणि धुतलेली भांडी परत धुवायला घेतली.

तर ऐक. ही सोमवारी जाणार आहे. मी विचारत नाहीये, कळवतेय. मास्तरीण कुठे जाणार नाही. आणि मी त्या तुझ्या चौथ्या मजल्यावर येणार नाही, तिथे खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. घरचं कसं होईल, ही चिंता तू करू नकोस. तू आईच्या मांडीवर होतास तेव्हापासून हे घर माझ्याशिवाय चाललेलं नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगते. इकडे हवा गार झालीय. सकाळी धुकं पडतं. मी शाल बाहेर काढलीय. बाकी सगळं ठीक आहे, काळजी नसावी.

तुझी आजी

—

ठोंब्या, अक्षर बदललं म्हणून दचकू नकोस. आज बुधवार, मी पोस्टात आहे आणि हे पोस्टातल्या बाई लिहितायत. पाकीट चिकटवायच्या आधी त्यांच्याकडून सगळं वाचून घेतलं. बरं केलं. धुकं आणि शाल मी सांगितलेलंच नाही! मी जे सांगितलं ते ऐकून तुझ्या बायकोचं पेन थांबलं होतं, मग भराभर चाललं. मला वाटलं लिहितेय. माझी लाज झाकत होती.

तर मी सांगितलं होतं ते हे. मका मी घातला. शेळी वाळली म्हणून दोन वाट्या जास्त, रोज, हिच्या नकळत. जंताचं औषधही मीच द्यायची, आजवर पाळलेल्या प्रत्येकाला एकच टोपण, करडू असो की बोकड. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या आधी ही म्हणाली, "मीच देते." बोलणी हिने खाल्ली. मी बाकावर बसून भिंतीवरचं गाईचं चित्र बघत राहिले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण संध्याकाळी तुझा फोन आला, शेळीला काय झालं विचारलंस, आणि मी म्हटलं, "तुझ्या बायकोच्या हातून झालं." ही तेव्हा अंगणात होती. हे हिला कालपर्यंत माहीत नव्हतं, हे पत्र लिहितानाच कळलं. कळल्यावर हिने काय केलं, तर धुकं पाडलं.

का खोटं बोलले? हिने हातातून बाटली हिसकावली ना, ते लागलं होतं. शेळी वाचली तरी लागलं होतं. म्हातारपणाचं निमित्त मी सांगणार नाही. तरुणपणीही मी अशीच होते, विचार कुणालाही.

पोस्टातल्या बाई हसतायत. हसू देत. माझी चूक झाकायची असेल तर माझी मी झाकीन, दुसऱ्या कुणी हात लावायचं कारण नाही.

मी आता घरी जाऊन हिची माफी मागणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा मागतेय, जमेल तशी मागीन. तू माझ्या शब्दावर विसंबून बोललास, पण तोंड तुझंच होतं. ही सोमवारी सकाळी आठला घरातून निघते. त्याआधी हिला फोन कर. आणि ही बोलेल तेव्हा मध्ये बोलू नकोस.

आधी तिची, मग तुझी,
आजी

(अंगठा माझ्यासमोर लावला. — पोस्टातली बाई)