दगडाच्या पोटातली साखर

नागापूर,
ता. १२ ऑक्टोबर १९७२

चि. भागिरथीस सहादूदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. लंकेला आमच्याकडं ठेवायचं तू लिहिलंस, ते तुझ्या वहिनीलाही पटलं. शाळेत नाव घालतो. दाजी गेल्यापासून तू दुष्काळी कामावर खडी फोडतेस आणि सहा वर्षांची पोर दिवसभर त्या धुरळ्यात बसते, हे आठवलं की घास उतरत नाही. त्या उजाड माळावर तिनं बघावं असं आहे तरी काय? दिवाळीआधी तिला घेऊन ये. हातांना तेल लावत जा.

तुझा दादा

माळेवाडी,
ता. १९ ऑक्टोबर १९७२

ती. दादास व सौ. वहिनीस भागिरथीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

रागावशील, पण लंकेला पाठवत नाही. शब्द दिला होता, तो मोडते.

इथं बघण्यासारखं काय, असं तू विचारलंस. परवा कामावर ती माझ्या ढिगातले खडे उचलत होती, म्हणून मी खेकसले. तर तिनं फुटका दगड माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाली, की आये, तू नुसती फोडतीस, आत बघत न्हाईस. दगडाच्या पोटात साखर हाय. बघते तर काळ्या दगडात पांढरेशुभ्र खडे, उन्हात चकाकणारे, कडेला हिरवी झाक. पावसाळाभर मी हेच दगड फोडत होते, दादा! मला तिथंच रडू आलं. आता ती आटलेल्या तळ्यातल्या भेगांची नक्षीसुद्धा मला हात धरून दाखवायला नेते.

ते खडे कुटून आम्ही दारात रांगोळी काढली. ह्यांचं वर्ष व्हायचंय, म्हणून सासूबाई खवळल्या आणि खराट्यानं झाडून मोकळ्या झाल्या. मी सकाळी पुन्हा काढली.

तुझी भागिरथी

नागापूर,
ता. २६ ऑक्टोबर १९७२

चि. भागिरथीस आशीर्वाद. वि. वि.

डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? वर्षाच्या आत दारात रांगोळी? गाव तोंडात शेण घालील. दगडांच्या नादानं पोरीचं नुकसान करू नकोस. भाऊबीजेला येतो, तिचे कपडे बांधून ठेव. वहिनीनं तिला परकर शिवलाय.

दादा

माळेवाडी,
ता. १ नोव्हेंबर १९७२

ती. दादास सा. नमस्कार. वि. वि.

जरूर ये. परकर आण, पोर मात्र मिळणार नाही. गावातल्या शाळेत मी तिचं नाव घातलंय. सुटली की ती माळावर येते.

सासूबाई रोज झाडतात, आम्ही रोज काढतो. त्यांचा लेक गेला, त्यांचं दुःख मला कळतं. माझाही नवरा गेलाय. पण म्हणून लंकेनं डोळे मिटून बसायचं, हे मला मान्य नाही. गावाला काय बोलायचं ते बोलू दे. धान्यासाठी रांग आहे, पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागते. दगड तेवढे यंदा मुबलक आहेत. बघू, आधी खराटा झिजतो की आमचा माळ.

माया पातळ होऊ देऊ नकोस. आणि येशील तेव्हा उंबऱ्याशी जपून पाऊल टाक, रांगोळी असेल.

तुझीच,
भागिरथी