शिंपीणबाईंची खोली

३ मार्च
वगळलं! चर्चला पंच्याहत्तर वर्षं होतात, स्मरणिकेसाठी इतिहास लिहा म्हणून माझ्याच मागे लागले. आणि आज समितीच्या अध्यक्षांनी शिंपीणबाईंच्या परिच्छेदावर लाल पेनानं फुली मारली. "बाई, हे राहू द्या."

का राहू द्या? चर्चची पहिली वीट बसायच्या आधी सात वर्षं दर रविवारची मिस्सा त्या विधवेच्या पुढच्या खोलीत व्हायची. शिवणयंत्र भिंतीला, कापड बेतायचं टेबल मधोमध — तीच वेदी. गुडघे टेकणाऱ्यांना टाचण्या टोचू नयेत म्हणून आदल्या दिवशी ती लोहचुंबक घेऊन फरशीभर रांगायची. कॉन्व्हेंटमधल्या नव्वदीच्या सिस्टरांनी स्वतः पाहिलंय.

जमीन दिली अध्यक्षांच्या आजोबांनी. त्यांचा पानभर फोटो. हिला एक ओळ नाही.

५ मार्च
राग अजून उतरला नाही. त्या नादात भाजी करपली.

८ मार्च
फादरांकडे गेले. तरुण आहेत, बोलणं लोण्यासारखं. "वाद नको, बाई. शिंपीणबाईंचं ते दुसरं लग्न..."

हो, केलं! पन्नाशीत, एका घटस्फोटित माणसाशी, सरकारी कचेरीत. चर्चमध्ये लागणार नव्हतंच. म्हणून मेल्यावर तिला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं. आज तिथं गाड्या लावतात. बाईची खोली चालली, बाई चालली नाही.

म्हटलं, "तिला दफनभूमीत घ्यायला नको असं कोण म्हणालं, तेही छापू या." फादर टेबलावरचे कागद नीट करत बसले.

१२ मार्च
समितीची बैठक. अध्यक्ष म्हणाले, "जुनं कपाट कशाला उघडता? त्यानं कोणाचं भलं होणार आहे?"

"आजोबांचं पितळ उघडं पडेल म्हणून घाबरता?"

अध्यक्ष लालबुंद झाले, पण उलटून एक शब्द बोलले नाहीत. कसे बोलतील? चोराच्या मनात चांदणं.

मी सांगून टाकलं — तिला कोणी अडवलं ते छापायचं, नावानिशी, मग ते कोणाचंही असो. नाहीतर इतिहास तुम्हीच लिहा. शेवटी फादरांनी जुन्या कागदांच्या कपाटाची किल्ली दिली.

१३ मार्च
दिवसभर कपाटापुढे. दफनाच्या नोंदवहीत तिचं नाव आहे, भिंतीबाहेर पुरल्याचं कारण नाही. नाकातोंडात धूळ. उद्या पुन्हा.

१४ मार्च
सापडलं. तेव्हाचे फादर तिला आत जागा द्यायला तयार होते. एका अर्जानं अडवलं. खाली अठरा सह्या. अध्यक्षांच्या आजोबांची त्यात नाही.

अर्जाचं अक्षर मी कुठंही ओळखेन, त्याच्यावरूनच मी अ गिरवला. माझे वडील. लिहिलंय — "माझी मुलगी सहा वर्षांची आहे. त्या कबरीपाशी तिनं विचारलं तर काय सांगू?"

मागे अध्यक्ष येऊन उभे होते. "गेल्या वर्षी कपाट लावताना वाचलं होतं. तुमचे वडील शाळेत मलाही शिकवायला होते, बाई. तुमच्या हाती लागू नये, एवढंच वाटत होतं."

त्यांच्याकडे मान वर करून बघता आलं नाही.

अर्ज उद्या छापायला देते. सहीसकट.